पंचफुलाची जीप

रेणापूरहून लातूरकडे येताना, भर दुपारी, सरकारी जीपनं दोन आचके दिले आणि ती थांबली. पंचफुला गजभारेच्या डोक्यात सकाळपासून साठलेला राग एकदम वर आला. ड्रायव्हर ग्यानोबामामांनी दोनदा चावी फिरवून पाहिली. इंजिनानं हूं की चूं केलं नाही. मामा निमूट उतरले आणि बाभळीखाली जाऊन बसले.

"मामा, बसून काय होणार?"

"उभं राहून तरी काय होनार हाय, मॅडम?"

शहाऐंशी सालचा मे. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिलेला. लातूर जिल्हा वेगळा होऊन चार वर्षं होत आली होती. कचेऱ्यांवरच्या पाट्या नव्या होत्या, पण आतलं सामान जुन्या जिल्ह्यानं नको म्हणून टाकलेलं. त्यातलीच ही जीप. मुदखेडच्या रेल्वे गँगमनची मुलगी एम.एस्सी. होऊन जमिनीखालचं पाणी शोधायला निघते, आणि सरकार तिला देतं काय, तर हे डबडं.

तिनं टायरला लाथ मारली. अंगठा दुखला. राग आणखी वाढला.

तेवढ्यात एक सायकल येऊन थांबली. कॅरिअरला रबरी पट्ट्यानं बांधलेली गाडीची बॅटरी, हँडलला हत्यारांची पिशवी. स्वार उतरला, सायकल उभी केली आणि काही न बोलता त्यानं जीपचं बॉनेट उघडलं.

"कुणी सांगितलं तुम्हाला हात लावायला?"

"कुनी न्हाई. गाडी उभी दिसली."

"गाडी सरकारी आहे."

"म्हनूनच उभी हाय."

ग्यानोबामामा बाभळीखाली खोकल्यासारखं हसले. पंचफुलानं त्यांच्याकडं असं पाहिलं की मामांनी टोपी डोळ्यांवर ओढली.

सायकलवाल्यानं इंजिनाच्या कडेच्या काळ्या नळकांड्यावर हात ठेवला आणि चटका बसून मागं घेतला. मग वास घेतला. "डायनामो गेलाय, मॅडम. आतलं वायंडिंग जळालंय. बॅटरी भरायचं काम ह्याचं. ह्यानं भरली न्हाई, बॅटरी सरली, गाडी सरली."

"मग आता?"

"माझी भरलेली बॅटरी लावतो. हॉर्न वाजवायचा न्हाई, मधी गाडी बंद करायची न्हाई. लातूरपर्यंत जाईल." तो बॅटरीचे नट सोडवत होता. सीटवरच्या लॉगबुकावर त्याची नजर गेली. "पंचफुला… पाच फुलं. एवढ्या दुष्काळात?"

"नाव वाचू नका. गाडी बघा."

"दोन्ही करतोय," तो म्हणाला, आणि पान्यावरच लक्ष असल्यासारखा मान खाली घालून राहिला. त्याचे कान मात्र लाल झाले होते. ते उन्हानं झाले असतील, असं पंचफुलानं स्वतःला बजावलं.

त्याचं नाव संगप्पा बिराजदार. मूळचा देवणीकडचा, आयटीआय केलेला, लातुरात नांदेड नाक्याजवळ पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा.

शेडमध्ये पोचल्यावर त्यानं डायनामो खोलून दाखवला. आत सगळं काळं झालं होतं. नव्यानं वायंडिंग करायला आठ दिवस लागणार होते.

"आठ दिवस?" पंचफुला म्हणाली. "परवा गुरुवारी आसरवाडीत बोअरची गाडी येतेय. मला तिथं सकाळी उभं राहायचंच आहे."

तिनं कचेरीत धाव घेतली. नवा डायनामो मागितला. भांडारवाले म्हणाले, जीप जुन्या जिल्ह्याच्या नावावर आहे, तिकडं मागा. जुन्या जिल्ह्याला फोन लावला. ते म्हणाले, तुमचा जिल्हा आता वेगळा झाला, तुम्ही तुमचं बघा. तिनं फोन असा आपटला की शेजारचा कारकून फायलीमागं दडला.

ती तणतणत शेडवर परतली, तेव्हा संगप्पा एका पेटीवर बसून एक चपटं, गोल यंत्र फडक्यानं पुसत होता.

"हे काय?"

"अल्टरनेटर. भंगारात आलेल्या डिझेल टेंपोचा हाय, पन आतून चांगला हाय. तुमचा डायनामो गाडी जोरात पळाली तरच करंट द्यायचा. गावाच्या वाटेला बैलाच्या चालीनं गेलं की उपाशी. हा हळू चालीतबी देतो. धरायचं ब्रॅकेट नवं बनवावं लागंल, पुली बदलावी लागंल, वायरिंग फिरवावं लागंल. उद्या सांजपर्यंत होईल. पन सरकारी गाडीत असा बदल…"

"माझ्या जबाबदारीवर लिहून देते. काढा कागद."

तिनं सही केली. पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं.

"मॅडम, एक विचारू? तुम्ही कायम अशाच चिडलेल्या असता?"

"नाही. झोपेत नसते."

तो हसला. तिला हसायचं नव्हतं, म्हणून ती पटकन बाहेर पडली.

आसरवाडीचा प्रश्न असा होता. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धवाडा. तिथल्या बाया दीड कोस चालून पाणी आणायच्या. पाटलाच्या विहिरीला तळाशी पाणी होतं, पण ह्या बायांना काठावर उभं राहून, कुणी वरून ओतेल तेव्हा घ्यावं लागायचं. पंचफुलानं दोन दिवस यंत्रानं जमीन तपासली होती. पाणी लागलं ते बौद्धवाड्याजवळच्या ओढ्याकाठी. तिथं तिनं चुना लावलेला दगड रोवला. सरपंच आप्पासाहेबांना ती बोअर आपल्या मोसंबीच्या बागेलगत हवी होती.

"बाई, दगडाचं काय, इथं रोवला काय नि तिथं रोवला काय," असं ते तोंडावर म्हणाले होते.

बुधवारी दुपारी ती शेडवर आली आणि जागच्या जागी थांबली. आप्पासाहेब शेडमधून बाहेर पडत होते. त्यांचा हात संगप्पाच्या खांद्यावर होता. तिला बघून त्यांनी गोड हसून नमस्कार केला आणि ते गाडीत बसून गेले. आत जीपचं बॉनेट उघडं होतं. काल त्यानं पुसून ठेवलेला अल्टरनेटर अजून खाली फळीवरच.

"हा इथं का आलाय?" तिनं विचारलं.

"पुली सरळ रेषेत बसत न्हवती. पट्टा उडत होता. आत्ताच लेथवर तासून आनली…"

"मी सरपंचाविषयी विचारतेय."

संगप्पानं हातातली पुली खाली ठेवली. मग म्हणाला, "जीप आनखी एक दिवस ठेव म्हनाले."

"आणि तुम्ही?"

"हाव म्हनालो."

पंचफुलाला वाटलं, कुणी कानाखाली वाजवली. दोन दिवसांत ह्या माणसाच्या बोलण्यावर ती मनातल्या मनात कितीदा हसली होती, ते आठवून तिला स्वतःचाच संताप आला. "तुम्हाला माहितेय, तिथल्या बाया कशा पाणी पितात? ओंजळ धरून. वरून कुणी ओतेल तसं. आणि तुम्ही हाव म्हणालात."

"न्हाई म्हनलो असतो तर ते दुसरं काहीतरी करून बसले असते, मॅडम. आता निवांत घरी गेलेत. जीप आज तयार व्हनार हाय."

"ह्यावर मी कसा विश्वास ठेवायचा?"

"ठेवू नका. इथं बसा. बघा."

ती बसली. पेटीवर, हाताची घडी घालून, वैऱ्याकडं बघावं तशी. त्यानं पुली चढवली, ब्रॅकेट आवळलं, वायरी एकेक करून जोडल्या. उन्हं कलली तेव्हा त्यानं एक लोखंडी पहार पुढं केली.

"ही इथं अडकवून अल्टरनेटर बाहेर रेटून धरा. मी बोल्ट आवळतो. पट्टा ढिला राहिला तर घसरंल."

तिनं पहार धरली. तिच्या हाताखाली त्याचा हात होता, ग्रीसनं काळा, पान्यावर घट्ट. बोल्ट आवळून झाला तरी तिनं पहार सोडली नाही, आणि त्यानंही सोडा म्हटलं नाही…

इंजिन चालू झालं. अगदी हळू चालीतही मीटरचा काटा बॅटरी भरत असल्याच्या बाजूला झुकला आणि तिथंच राहिला.

"बघा," तो म्हणाला.

तिनं पाहिलं. पण आप्पासाहेबांचा तो हात काही तिच्या डोळ्यांपुढून जाईना. "उद्या कळेल," ती एवढंच म्हणाली.

गुरुवारी सकाळी सहाला जीप निघाली. नव्या पट्ट्याला पहिल्या दिवशी ताण पडतो, तो बघायला हवा, असं सांगून संगप्पा मागं बसला होता. आसरवाडीत पोचले तेव्हा बोअरची गाडी मोसंबीच्या बागेलगत उभी होती आणि तिचा मनोरा वर चढत होता. चुन्याचा दगड ओढ्यात पालथा पडला होता.

"मामा, जीप आडवी घाला," पंचफुला म्हणाली.

ग्यानोबामामांनी जन्मात पहिल्यांदा हूं न करता ऐकलं. जीप बोअरच्या गाडीपुढं आडवी उभी राहिली. आप्पासाहेब लगबगीनं आले.

"अहो बाई, दहा हात इकडं-तिकडं झालं तर काय बिघडतं?"

"दहा हात नाही. सहाशे मीटर. इथं खाली कोरडा काळा दगड आहे. इथल्या कागदावर मी सही करणार नाही, आणि सहीशिवाय एक फूटही खोदता येणार नाही. आता तुम्ही सांगा, गाडी हलवता की मी इथंच बसू?"

आप्पासाहेबांची नजर मागं बसलेल्या संगप्पावर गेली. "तू तर हाव म्हनाला होतास रे."

"खोटं बोललो, आप्पासाहेब," संगप्पा शांतपणे म्हणाला. "तुम्ही खोटं काम सांगितलं, म्हनून."

पंचफुलानं मान वळवली नाही.

बोअरच्या माणसांनी मनोरा उतरवला. ओढ्याकाठी एकशे साठ फुटांवर आधी ओला चुरा आला, मग गढूळ पाणी, मग भसाभसा. बौद्धवाड्यातली केवळाबाई पुढं झाली. तिनं भरलेली घागर स्वतःच्या हातानं उचलून डोक्यावर ठेवली, आणि तिथंच नुसती उभी राहिली.

परतताना ग्यानोबामामा रेणापुरात चहाला उतरले आणि बराच वेळ आले नाहीत.

"काल मी वाटेल ते बोलले," पंचफुला म्हणाली.

"बरोबर बोलला. मीबी तसंच बोललो असतो."

"माझ्यावर चिडत का नाही तुम्ही?"

"मला… आवडतं. तुमचं चिडनं. फुकट चिडत न्हाई तुम्ही." तो रस्त्याकडं बघत होता. "तुम्ही आवडता. बास, एवढंच."

मग तिनं सरळ त्याच्याकडं पाहिलं. "मलाही आवडता तुम्ही. पण मी गजभारे आहे, बौद्ध, आणि तुम्ही बिराजदार, लिंगायत. लपूनछपून मी काही करणार नाही. आधी घरी माझं आडनाव सांगा. मग या."

तीन दिवस तो आला नाही. त्या तीन दिवसांत कचेरीत कुणी तिच्या वाटेला गेलं नाही. चौथ्या दिवशी दुपारी संगप्पा दारात उभा राहिला. अंगात धुतलेला सदरा होता.

"आईला सांगितलं. अव्वा दोन दिवस बोलली न्हाई."

"दोन दिवस? दोन दिवस लागले?"

"आज म्हनाली, जेवायला घेऊन ये."

ती गेली, पण तयारीनं गेली. वेगळी ताटली पुढं आली तर काय बोलायचं, ते तिनं रस्ताभर मनात घोकलं होतं. संगप्पाची आई पार्वतम्मा तिला आत घेऊन गेल्या. त्यांनी तीन सारख्या ताटल्या मांडल्या, भाकरी वाढली, येसराची आमटी वाढली आणि स्वतः तिच्या शेजारी बसल्या. घोकलेलं सगळं वाया गेलं.

"कशी झाली आमटी? खरं सांग."

संगप्पानं डोळ्यांनी नको नको म्हटलं. पंचफुलानं घास गिळला. "मीठ कमी आहे."

मग पार्वतम्मांनी मिठाची वाटी उचलून तिच्या हातात दिली आणि आपली ताटली तिच्याकडं सरकवली.

"मग घाल की, पोरी. आधी माझ्यात घाल."