नदीचे बारा पत्ते

घड्याळजी आपल्या घड्याळांच्या दुकानातून थेट तपासनीस बाईंकडे आले होते. दुरुस्तीचं भिंग अजून कपाळावरच होतं.

“माझ्या खेळाचे पत्ते चोरीला गेलेत,” ते म्हणाले. “आज चारला खेळण्यांच्या कंपनीचे साहेब बघायला येणार आहेत.”

बाईंनी वही उघडली. शेजारी त्यांचे दीर बसले होते. मदतीची हौस दांडगी, पण गोष्ट डोक्यात शिरायला वेळ लागायचा.

हा खेळ घड्याळजींनी अकरा वर्षं खपून बनवला होता. चौसष्ट घरांचा पट, ऐंशी पत्ते. डोंगर, पूल, नदी, जो पत्ता हातात असेल तो पटावर मांडायचा आणि त्यातून वाट काढत आपली सोंगटी पलीकडे न्यायची.

“सगळे गेले?”

“नदीचे बारा. हाताने रंगवलेले होते. साहेबांपुढे काय चिठोऱ्या मांडू? कपाट फोडलेलं नाही, म्हणजे माणूस ओळखीतलाच. म्हणून मी सगळ्यांना एवढंच सांगितलंय, पत्ते गेले. कोणते ते नाही.”

धाकटा भाऊ दुकानात गिऱ्हाइकाला पट्टा बसवून देत होता. “दादाने धंदा सोडून पोरखेळ मांडलाय,” तो म्हणाला. “डबा गेला ते बरंच झालं.”

“अख्खा डबा?”

“मग? पत्ते गेले म्हणजे डबाच ना?”

घड्याळजींचे मित्र, गणिताचे मास्तर, शाळेत पेपर तपासत होते. “दोन महिने झाले, मी खेळायला जात नाही. पाहुणा म्हणून सुरुवात माझी, आणि जिंकायचोही मीच. मजा राहिली नाही. किती पत्ते गेले हो?”

घरी घड्याळजींची बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. “आता नदीशिवाय हे काय दाखवणार?” ती म्हणाली.

“तुम्ही खेळता?”

“मला कुठे जमतंय. दर वेळी हरते.”

डावांची वही टेबलावरच होती. दिरांनी ती चाळली आणि ते बाईंना म्हणाले, “वहिनी, आधी या बऱ्याचदा जिंकल्यात. अलीकडे मात्र सलग एकतीस डाव हरल्या.”

“सुरुवात कोणाची?”

“एकतीस वेळा घड्याळजींची.”

तीनला बाईंनी सगळ्यांना त्याच खोलीत बसवलं.

“भावाला आणि मास्तरांना काय गेलं तेच माहीत नव्हतं,” त्या म्हणाल्या. “नदी गेली, हे न सांगता एकाच व्यक्तीला ठाऊक होतं.”

सगळ्यांची नजर बायकोकडे वळली.

“पण नवऱ्याचा खेळ त्या कशाला बुडवतील?” दिरांनी विचारलं.

“बुडवला नाही, भाऊजी. त्यातली खोट झाकली. सुरुवात करणाऱ्याने नदी नीट टाकली की समोरच्याला वाटच उरत नाही. मास्तर त्यामुळेच जिंकत होते. यांना ते दोन महिन्यांपूर्वी उमगलं. तेव्हापासून त्या सुरुवात नवऱ्याला देतात आणि मुद्दाम हरतात. जिंकणं नवऱ्याला आपल्या हुशारीचं वाटावं म्हणून.”

“नियम बदलता येतील की,” मास्तर म्हणाले.

“सगळं करून पाहिलं,” बायको म्हणाली. “नदी काढली तर खेळच उरत नाही.” तिने टॉवेलच्या घडीतून बारा पत्ते काढले. “साहेब आज हसले असते. चोरी झाली म्हणून हे हळहळतील, चोराला शिव्या देतील, पण अकरा वर्षं फुकट गेली हे तरी यांना कळणार नाही, असं वाटलं.”

घड्याळजींनी पट मांडला.

“सुरुवात तू कर,” ते म्हणाले. “आणि हरू नकोस.”

नवव्या चालीला ती जिंकली. त्यांनी पुन्हा मांडला. पुन्हा नवव्या चालीला. तिसऱ्यांदाही तीच जिंकली.

बाईंनी वही मिटली.

घड्याळजी उठले आणि त्यांनी कंपनीला फोन लावला. “साहेबांना येऊ नका म्हणावं.”

पलीकडून कारण विचारलं. त्यांनी फोन खाली ठेवला आणि नदीचे बारा पत्ते डब्यात परत घातले.