राणीचा गाल

विश्वास ठेवा अगर ठेवू नका. पण माझा मामा थापा मारणाऱ्यातला नाही. थाप मारायलाही उत्साह लागतो, आणि तो त्याच्यात केव्हाच उरला नव्हता. हे जसं त्याने मला सांगितलं, तसंच सांगतोय.

मागचा हिवाळा. गुरुवार, कलती दुपार. बाइंडिंगच्या दुकानावरची मामाची खोली.

मामा जुनी नाणी पारखतो. राणी व्हिक्टोरियाच्या काळातली तांब्याची, ब्राँझची नाणी लोक त्याच्याकडे घेऊन येतात. तो भिंगातून झीज बघतो, दर्जा ठरवतो, नाणं प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करतो आणि वर शेरा चिकटवतो. तीस वर्षांत त्याचा शेरा कुणी खोडला नव्हता. पण अलीकडे डोळ्यांतून पाणी यायचं, मान धरायची.

मामी म्हणायची, "पुरे झालं. एकदा चुकलात, की सगळं केलंसवरलं पाण्यात."

त्याला धास्ती होती ती नेमकी याचीच.

त्या दुपारी वहिनी आल्या, घड्याळजींच्या पत्नी. घड्याळजी म्हणजे मामाचे जुने गिऱ्हाईक, नाण्यांपायी वेडे. दोन महिन्यांपूर्वी गेले. वहिनींनी फडक्यातून एक ब्राँझचं नाणं काढलं. मामाची मरगळच उडाली. राणीच्या केसांची बट न् बट शाबूत! गालावर ओरखडासुद्धा नाही.

"यांना हे कधी हातात दिलं नाही, भावजी," वहिनी म्हणाल्या. "विचार करताना नाण्यावर अंगठा घासायची खोड. किती नाणी गुळगुळीत करून ठेवली! शेवटी हेच मागत होते... मी कपाट उघडलं नाही."

मामाने नाणं कडेला धरून तपासलं. डबी बंद केली. शेरा लावला: कोरं.

त्याची एक पद्धत होती. नाणं चार दिवस ठेवून घ्यायचं आणि ताज्या डोळ्यांनी पुन्हा बघायचं, मगच परत द्यायचं.

वहिनी गेल्या. मामाने टेबलावर डोकं टेकलं.

आणि आवाज आला...

सर्र... सर्र...

मऊ, सावकाश. धातूवरून कातडी फिरावी तसा.

खाली कागद कापत असतील, असं तो मनाशी म्हणाला. मग आठवलं...

गुरुवारी दुकान बंद असतं.

सकाळी त्याने डबी भिंगाखाली धरली. सील जसंच्या तसं.

कानावरचे केस मात्र सपाट झाले होते...

शनिवारी भुवई गेली. रविवारी गाल.

मामाने मामीला वर बोलावलं. ती अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते.

"गाल कसा दिसतो?"

"कसला गाल? तिथे काहीच नाही."

मामाने भिंग खाली ठेवलं. मग गुरुवारी आपल्याला दिसलं ते काय होतं? त्याचा शेरा, त्याची नजर, सगळंच संपलं, असं त्याला वाटलं.

सोमवारी वहिनी आल्या. मामाने मान खाली घालून डबी पुढे केली. "वहिनी, चुकलो मी. नजर गेली माझी."

वहिनींनी डबी उजेडाकडे धरली.

"नजर नाही गेली तुमची. हे येतात इथे."

त्यांच्या आवाजात भीती नव्हती. राग होता.

"दोन महिने मी एकटी त्या घरात बसलेय, भावजी. माझ्याकडे एकदाही आले नाहीत. आणि ह्या बयेचा गाल कुरवाळायला येतात!" त्यांचे डोळे भरून आले. "फोडा ती डबी."

मामाने फोडली. वहिनींनी नाणं मुठीत घट्ट धरलं आणि जिना उतरून गेल्या.

खोलीतला आवाज थांबला. मामाला किती तरी दिवसांनी झोप लागली.

पंधरवड्याने वहिनी पुन्हा आल्या, भर दुपारी. चेहऱ्यावर हसू होतं.

"आले," एवढंच म्हणाल्या. आणि मूठ टेबलावर ठेवली.

मामाने सवयीने भिंग उचललं...

हाताच्या पाठीवर अंगठ्याएवढा डाग. तिथे सुरकुती नाही, लव नाही, शीर नाही. नुसती तुळतुळीत चकाकी. इतकी झीज पंधरवड्यात होत नाही. त्याला वर्षं लागतात. मधोमध कातडी इतकी पातळ झाली होती, की आतलं पांढरं...

"दुखतं का?"

"छे! ऊब लागते." त्या पुढे झुकल्या. "तुम्ही पारखी माणूस. खरं सांगा, भावजी... अजून किती राहिलंय?"

मामाला सगळं लख्ख दिसत होतं. नजर कुठेही गेली नव्हती. ती गेली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"बरंच आहे, वहिनी," तो म्हणाला.

तीस वर्षांतला त्याचा तो पहिला खोटा शेरा.

त्यानंतर वहिनी आल्या नाहीत. मामा चौकशी करत नाही, आणि मीही त्याला विचारत नाही.