गुहेची वेळ

"ही चिठ्ठी तुमचीच ना?"

काउंटरवर ओला कागद आपटला आणि तिचा चहा सांडता सांडता राहिला. समोर एक उंच, उन्हानं रापलेला तरुण उभा होता. गुडघ्यापर्यंत भिजलेला आणि भलताच तापलेला.

"अक्षर माझंच आहे," ती म्हणाली. "काय झालं?"

"चौदा माणसं पाठवलीत. तीन वाजता गुहा बघायला! आत कमरेइतकं पाणी. एक आजोबा माझ्यावरच डाफरले. म्हणे, कागदावर लिहिलंय!"

"लिहिलंच आहे. पुस्तिकेत छापलंय... दुपारी तीन."

"समुद्रानं तुमची पुस्तिका वाचलेली नाही हो!"

तिला हसू फुटत होतं, पण नोकरी नोकरीच असते. तिनं चेहरा सरळ ठेवला. बस स्टँडला लागून असलेलं ते पर्यटन माहिती केंद्र म्हणजे एक खोली, एक मोठा नकाशा आणि ती. दीपगृह, काळ्या वाळूचा किनारा, पक्ष्यांचं बेट, खडकातून उसळणारं कारंजं, समुद्रातली गुहा... दिवसभर ती लोकांना बोट दाखवून वाटा सांगायची. तिला सगळे माहितीबाई म्हणायचे. आणि हा होता होडीवाला, गुहेपर्यंत माणसं नेणारा.

"ओहोटी रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते," तो जरा निवळून म्हणाला. "पुस्तिका लिहिणारा एकदाच येऊन गेला असणार. तुम्ही पाहिलीय का गुहा?"

"...नाही."

"दीपगृह?"

"बसमधून."

"आणि लोकांना सांगता, अवश्य पाहावे!"

हे मात्र तिला झोंबलं. "मला सुट्टी सोमवारी. दीपगृह बंद असतं सोमवारी. शनिवार-रविवारी सगळं जग फिरतं, तेव्हा मी इथे बसून त्याला रस्ता दाखवते. आणखी काही?"

त्यानं ओली चिठ्ठी उचलून खिशात घातली. मग खाली बघत म्हणाला, "उद्यापासून वेळ मी येऊन सांगत जाईन."

आणि खरंच यायला लागला. रोज सकाळी पावणेनऊला. ती फळ्यावर खडूनं लिहायची, 'आज गुहा: अकरा ते एक', आणि तो दारात रेंगाळायचा. वेळ सांगायला अर्धं मिनिट लागतं. त्याला वीस मिनिटं लागायची.

"अक्षर छान आहे तुमचं."

"वेळ सांगा."

"सांगितली की मघाशी."

"मग थांबलात कशाला?"

"खडू वाळतोय का बघतोय."

असं बोलून तो निघून जायचा आणि ही दिवसभर गालातल्या गालात हसत नकाशांच्या घड्या घालायची.

तिसऱ्या आठवड्यात मुख्य कचेरीतून टपाल आलं. त्यात वर्षभराच्या भरती-ओहोटीचा छापील तक्ता होता. एकेका दिवसाची, अगदी मिनिटांसकट वेळ. तिनं तो वाचला, इकडेतिकडे पाहिलं आणि कपाटात जुन्या नकाशांच्या गठ्ठ्याखाली सारून दिला. आता हिला काय म्हणावं!

पुढच्याच आठवड्यात साहेबांचा फोन आला. तिच्या केंद्रातल्या गुहेच्या वेळा बरोबर निघतात, तक्रारी थांबल्यात, हे वरपर्यंत पोचलं होतं. अख्ख्या किनाऱ्याची पुस्तिका नव्यानं लिहायची होती. आठ महिने, गावोगाव मुक्काम, प्रत्येक जागा डोळ्यांनी बघून. "तुम्ही कराल का? सोमवारी चारपर्यंत सांगा. नाहीतर दुसरं नाव तयार आहे."

जन्मभर जे काम मिळावं असं वाटलं, ते फोनवरून चालत आलं होतं. आणि तिनं "सोमवारी सांगते" म्हणून फोन ठेवला.

"लगेच हो का म्हणाली नाहीस?" आईनं विचारलं.

"विचार करते."

"कामाचा की पावणेनऊचा?" आई म्हणाली. आयांना कोण सांगतं या गोष्टी, देव जाणे.

आधी त्याला सांगायचं, तो काय म्हणतो ते ऐकायचं आणि मगच साहेबांना फोन करायचा, असं तिनं ठरवलं. शनिवारी सकाळी ती त्याला म्हणाली, "सोमवारी मला गुहा दाखवा."

सोमवारी ओहोटी दीडला होती. दोघांनाच जायचं म्हणून त्यानं मोठी होडी ठेवून वल्ह्यांची लहान होडी काढली. होडी बाहेर खडकाला बांधून दोघं गुहेत शिरली आणि ती बघतच राहिली. वरच्या भेगेतून ऊन पाण्यावर पडत होतं आणि सगळं छत हिरवं हिरवं हलत होतं. पायाखाली थंडगार ओली वाळू. इतकी वर्षं ती या जागेला दोन ओळींत उरकत होती!

"मला काहीतरी सांगायचंय," ती म्हणाली. "ओहोटीचा तक्ता माझ्याकडे आलाय. कधीचाच."

तो कान खाजवायला लागला. "बंदर कचेरीच्या भिंतीवर तोच लावलाय. मी रोज त्यातूनच बघून यायचो."

"म्हणजे फोनवर सांगता आलं असतं?"

"पहिल्या दिवसापासून."

मग जे हसू सुटलं दोघांना! गुहेत ते घुमून परत यायचं आणि ते ऐकून आणखी हसायची. ती एका उंच दगडावर पाय वर घेऊन बसली, तो शेजारी बसला. तिनं नव्या कामाचं सांगितलं. चारची मुदत सांगितली.

त्यानं दगडावरचा एक शिंपला उचलून बोटांत फिरवला. "चांगलं काम आहे," म्हणाला. "तुमच्याशिवाय कुणाला जमणार?"

बस्स? एवढंच? तिला रडू यायच्या बेतात होतं. रागानं ती दगडावरून खाली उतरली आणि एकदम किंचाळली. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं होतं.

ज्यानं आयुष्यात भरतीला कधी गाठू दिलं नव्हतं, तो होडीवाला घड्याळ बघायचंच विसरला होता. गुहेच्या तोंडाशी पाणी छातीपर्यंत चढलेलं. त्यानं तिचा हात घट्ट धरला. लाटा अंगावर घेत दोघं बाहेर पडली, होडीत चढली. ती ठणठणीत होती. तिचा फोन मात्र पार गेला होता, आणि त्याचा मोठ्या होडीत राहिलेला.

"किती वाजले?"

"तीन वाजून दहा."

धक्क्यावरच्या तिकीट खोलीत फोन होता. धक्का एक तासाच्या वाटेवर आणि वारा समोरून. तो काही न बोलता वल्ही मारायला लागला. नेहमीसारखी नाही. दात-ओठ खाऊन, सगळं अंग मागे टाकून.

ती बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "उशीर झाला तर काम दुसऱ्याला जाईल... मी इथेच राहीन. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"मग?"

"मग काय... बाजूला सरका, जोर लागत नाही."

त्यानं वेग जराही कमी केला नाही. त्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या, मान वळवून वळवून तो धक्का बघत होता, आणि त्याचे डोळे भरलेले होते. तेव्हा तिला कळलं. रोज वीस मिनिटं रेंगाळणारा हा माणूस तिला लवकर पोचवायला जिवाच्या आकांतानं झटत होता. आपल्यावर कुणी इतकं प्रेम करेल, असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

चारला पाच कमी असताना होडी धक्क्याला लागली. ओले कपडे सावरत ती पायऱ्या धावत चढली, तिकीटवाल्याच्या हातातून फोन जवळजवळ हिसकावला. "साहेब, मी करते. हो... हो, पहिल्या तारखेपासून."

खाली आली तेव्हा तो पायरीवर बसला होता. छाती भात्यासारखी चालत होती. ती समोर उभी राहिली.

"कामाला हो म्हटलं मी. पहिला मुक्काम पक्ष्यांच्या बेटासमोरच्या गावात. दर सोमवारी मला सुट्टी. तुम्ही होडीनं यायचं. आणि आठ महिन्यांनी परत आले की लग्न करायचं. मला तुम्ही आवडता, फार आवडता, आणि मला दोन्ही हवंय... बोला की!"

त्यानं तोंड उघडलं. श्वासच आला नुसता. पुन्हा प्रयत्न केला. "द... दम..." एवढंच फुटलं.

"मान हलवली तरी चालेल," ती म्हणाली.

त्यानं हलवली. एकदा नाही, चांगली पाच-सहा वेळा. आणि ती त्याच्या शेजारी, ओल्याचिंब पायरीवर, हसत बसून राहिली.