गल्ली पुढे जाते

वहीत ‘रस्ता बंद’ असं लिहून तो वळला, आणि तिने शिलाई मशीन थांबवलं.

“काय लिहिलंत?”

गावाचा नवा नकाशा करायला शहरातून आलेला मोजणीदार दारातच थबकला. “गल्ली तुमच्या दुकानाशी संपते... म्हणून—”

“संपते? डोळे आहेत की बटणं?”

तेवढ्यात पोस्टमन सायकल उचलून दुकानात शिरला, “सरका हो,” म्हणत दोघांच्या मधून गेला आणि मागच्या दाराने बाजारात उतरला. त्याच्यामागे दूधवाला, दूधवाल्यामागे हेडबाई. अख्खं गाव तिच्या दुकानातूनच बाजारात जायचं. वडील टेलर होते तेव्हापासूनची ही वहिवाट.

मोजणीदार कानापर्यंत लाल झाला. तिला हसू आवरेना, आणि तो लाजताना बरा दिसतो हेही तिच्या नजरेतून सुटलं नाही.

मग तीन दिवस तिनेच त्याला गाव दाखवलं. ग्रंथपालकाका रहस्यकथेतला खुनी कोण हे ओरडून सांगतात, म्हणून लोक वाचनालयासमोरून कान झाकून जातात. अबोला धरलेल्या दोन जावा फक्त तिच्या दुकानात, मापं देताना, एकमेकींशी बोलतात. तो पोट धरून हसायचा. वही मात्र कोरीच राहायची.

चौथ्या दिवशी तो म्हणाला, “शहरात चला ना... माझ्याबरोबर. इथे तुमचा हात वाया जातोय.”

हेच आत्या म्हणाली होती, बघायला आलेले पाहुणेही म्हणाले होते. पण त्याच्या तोंडून ते फार लागलं.

“वाया? मला आवडता तुम्ही, लपवत नाही. पण कीव करून नेणार असाल तर स्टँड समोरच आहे. मी इथून हलणार नाही.”

त्याने वही मिटली आणि तो निघून गेला. चारची बस सुटल्याचं तिने ऐकलं. त्या दुपारी तिने एकच बाही तीनदा उसवली.

आठवड्याने, भर बाजाराच्या वेळी, तो बॅग घेऊन दारात उभा!

“इथल्या कचेरीत बदली मागून घेतली. साहेब म्हणाले, वेड लागलंय का?”

“मग?”

“म्हटलं... हो.”

येणारे-जाणारे जागच्या जागी थांबले. हेडबाईंनी चष्मा सारखा केला. तिने सगळ्यांदेखत त्याचा हात धरला.

“बघा, नीट बघा,” ती म्हणाली, “आणि आत्याला सांगायला विसरू नका!”