ब्रशचं टोक

कवळीवाल्यांना एक घाण सवय होती. रंगवताना ते ब्रश चाटायचे. उभा जन्म लोकांच्या कवळ्या करण्यात गेला, आणि दुकान मुलाकडे सोपवल्यावर त्यांनी बोटभर उंचीचे जुन्या काळचे सैनिक करायला घेतले. भुवई काढायची तर ब्रशला टोक हवं आणि टोक थुंकीनेच येतं, हे त्यांचं ठाम मत.

"शी! ब्रश चाटायचा आणि माझ्या भाजीला नाकं मुरडायची," बायको म्हणायची. तिला इतकी किळस, की त्यांचा पेला ती वेगळा घासायची.

या खेपेस एका संग्रहालयाने काम दिलं होतं. हरलेल्या फौजेतून मागे राहिलेला, बर्फात उपाशी बसलेला शिपाई. कवळीवाल्यांनी तो पुट्टीतून घडवला. गुडघे पोटाशी, हातात रिकामं पातेलं, ओठ घट्ट मिटलेले. खाण्याचा सोडा आणि गोंद कालवून बर्फ केला. गालांचे खड्डे करड्या रंगाने आणखी खोल केले. काम फक्कड जमलं होतं.

सकाळी गाल भरलेले होते.

सुकताना रंग उजळला असेल, असं म्हणून त्यांनी गाल पुन्हा कोरले, पुन्हा रंगवले. दुसऱ्या दिवशी हनुवटीखाली मऊ वळी आली होती. नेमक्या तेव्हाच संग्रहालयाच्या बाई बघायला आल्या.

"अहो, हा उपाशी कुठे आहे? हा तर पोटभर जेवून आलाय."

कवळीवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच सुमारास ती चव सुरू झाली. ब्रश तोंडात घातला की कुजक्या दाढेतून काढलेल्या कापसाची घाण थेट जिभेवर. त्यांनी चुळा भरल्या, रंग बदलले. चव जेवणात उतरली. घास तोंडात नुसता फिरायचा. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं.

"हाडं वर आली तुमची," बायको काळजीने म्हणाली. "आता डॉक्टरकडे चला."

एका दुपारी, टेबलावर लख्ख ऊन असताना, त्यांनी धूळ झटकायला कोरडा ब्रश शिपायाच्या ओठांना लावला. उचलला तेव्हा ब्रशला टोक आलं होतं. ओलं, बारीक, तोंडात फिरवून आणल्यासारखं. ओठ आता मिटलेले नव्हते. फटीत काहीतरी गुलाबी होतं, आणि तो रंग त्यांनी लावलाच नव्हता. ब्रशपासून ओठांपर्यंत लाळेची तार लोंबत होती.

आणि सवयीने, काही कळायच्या आत, त्यांनी तो ब्रश तोंडात घातला.

आतडी पिळवटेपर्यंत ते ओकले. बायकोने पाठ चोळली. त्यांनी तिला सगळं सांगितलं आणि चाटणं कायमचं सोडलं. उशिरा का होईना, शहाणपण सुचलं म्हणायचं, एवढंच ती बोलली.

टोक आता पाण्याने यायचं. शिपाई झरझर सुकला, गाल बसले. बाई पुन्हा येऊन खूश होऊन गेल्या, लवकरच न्यायला येते म्हणाल्या. जिभेवरची घाण गेली. कवळीवाले अधाशासारखे जेवू लागले. बायको भूक नाही म्हणायची, तर तिच्या ताटातलंही संपवू लागले.

मग एका सकाळी शिपायाची हनुवटी पुन्हा भरली.

ते तसेच उठून स्वयंपाकघरात गेले. बायको तिथे नव्हती. तिचं ताट झाकलेलं होतं, कालचंच.

ती मागच्या खोलीत सापडली, त्यांच्या टेबलाशी. गालांची हाडं वर आलेली. बोटातली अंगठी सैल होऊन टेबलावर पडली होती. ती ब्रश ओठांत धरून सावकाश फिरवत होती.

"अगं, हे काय?"

"तो वाळत चालला होता हो," ती म्हणाली. "मला बघवेना."

"आण इकडे."

तिने ब्रश दिला. ब्रशला तोच कुजक्या दाढेचा वास होता.

"मी देतो त्याला," ते म्हणाले. "तू जेवून घे."

डोळे मिटून त्यांनी ब्रश तोंडात घातला.

डोळे उघडले, तेव्हा तिने दुसरा ब्रश उचलला होता.