तिसऱ्या प्रवेशाचा उजेड

पहिल्याच दिवशी तिने शिडीला धडक दिली. वरून एक पाना आणि एक ओरडा खाली आला.

"अहो, शिडीवर माणूस आहे!"

"मग माणसाने आधी सांगायला नको?"

"आता सांगतोय की!"

तो नाटकाचे दिवे लावणारा. मंडळीत सगळे त्याला काजवा म्हणायचे. ती अगदी नवी. पहिल्या प्रवेशात पत्र घेऊन यायचं, चार वाक्यं बोलायची आणि निघून जायचं, एवढंच तिचं काम. तेवढ्यातही ती नेमकी अंधारात जाऊन उभी राहायची. शेवटी काजव्यानेच युक्ती सांगितली.

"उजेड डोळ्यांनी शोधू नका. चालत राहा. गालाला ऊब लागली, की थांबा."

ती डोळे मिटून चालली... आणि थांबली. डोळे उघडले, तर तो एकटक बघत होता.

झालं! तिथून तिच्या डोक्यात घोळ सुरू झाला. तो बघतो खरा – पण बघणं हे तर त्याचं कामच! "हनुवटी वर... हां, जरा हसा..." हे कामापुरतं, की आणखी काही?

दिवा नीट बसवायचा तर खाली कुणालातरी उभं राहावं लागतं. तिसऱ्या प्रवेशात खिडकी लागते त्या जागी तो रोज तिलाच उभी करायचा. तासभर खटपट करून म्हणायचा, "छे, नाही जमलं. उद्या पुन्हा."

उद्यावर प्रयोग आला. परवा तो दुसऱ्या नाटकाबरोबर दौऱ्यावर जाणार. विचारावं तर हसं होणार, न विचारावं तर चुटपुट लागणार. तो शिडीवर चढला, ती नेहमीच्या जागी उभी राहिली.

तेवढ्यात दिग्दर्शिका बाई आल्या.

"काजव्या, हा कुठला दिवा?"

"तिसरा प्रवेश, बाई. खिडकीपाशी."

"अरे, खिडकी कुठाय? मागच्या आठवड्यातच काढली ना ती? सुताराबरोबर तूच तर उचलून नेलीस!" बाईंनी एकदा वर पाहिलं, एकदा खाली. "बरं बरं... मी चहा घेऊन येते. सावकाश येते."

बाई गेल्या.

"माहीत होतं तुम्हाला?" तिने विचारलं.

"हो."

"आणि मी सहा दिवस इथे खांबासारखी उभी! पाय मोडले माझे!"

"खुर्ची द्यायला हवी होती..."

"विषय बदलू नका. तो दिवा बंद करा."

"का?"

"बघायचंय मला. दिवा नसतानाही बघता का ते."

दिवा विझला. दारातून येणारा साधा, फिकट उजेड तेवढा उरला. तो एकेक पायरी उतरून खाली आला, समोर उभा राहिला. हातातला पाना कुठे ठेवावा, हेच त्याला कळेना.

"महिन्याने परत येईन," तो म्हणाला. "तेव्हा... असाल ना इथे?"

ती जायला वळली. दोन पावलं टाकली, आणि दिवा विझलेला असूनही, त्याच्या नुसत्या बघण्याने गालाला ऊब लागली.

ती थांबली.