उजवा कौल

"मिठबावची गाडी गेली?" मी धापा टाकत विचारलं.

"हो," चौकशीच्या खिडकीतला माणूस म्हणाला आणि पुन्हा कागदात डोकं घातलं.

एवढंच. बाहेर श्रावणातली सर कोसळत होती, साडी पोटऱ्यांपर्यंत भिजली होती, आणि टायपिंगच्या क्लासपासून स्टँडपर्यंत मी पळत आले होते. बाकावर बसून मी मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. इतक्यात भोंग्यातून आवाज आला – संथ, भरदार, कानात रेंगाळणारा. मिठबावकडे जाणाऱ्या प्रवाशांसाठी जादा गाडी लागत आहे, असं तो सांगत होता. अंगावर गोड काटा आला... आणि मग कळलं, हा तर तोच खिडकीतला. मी तरातरा परत गेले.

"जादा गाडी आहे, हे सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

त्याने गंभीरपणे विचार केला. "तुम्ही गेलेल्या गाडीबद्दल विचारलंत."

त्यात चेष्टा नव्हती, उर्मटपणाही नव्हता. मी भांडायला गेले होते आणि गाडीत बसून मिठबाव येईपर्यंत एकटीच हसत होते. ही त्र्याऐंशी सालची गोष्ट.

त्याचं नाव काशिनाथ. देवगडच्या स्टँडवर त्याला ओळखत नाही असं कुणी नव्हतं आणि त्याचा मित्र म्हणावा असाही कुणी नव्हता. सगळे मालवणीत बोलत, हा घरीदारी छापील मराठी बोलायचा. "पुस्तकासारखो बोलता," लोक म्हणत. त्याच्यापुढे माझीही भाषा तशीच व्हायची. लग्नाच्या पंगतीतला गोंगाट सहन झाला नाही की तो भरल्या पानावरून उठून जाई, आणि मग वरपक्ष-वधूपक्ष दोघेही रुसत. साहेबांनी बोलावलंय असं कुणी खोटंच सांगितलं की हा लगोलग उठून साहेबांपुढे उभा. आज माझा डॉक्टर भाचा अशा स्वभावाला ॲस्पर्जर म्हणतात असं सांगतो. तेव्हा आमच्याकडे 'जरा येडो' एवढाच शब्द होता, आणि तो सगळ्यांना पुरत होता.

मला नाही पुरला. मी घरून एक गाडी आधीच निघू लागले आणि क्लासची वेळ होईपर्यंत त्याच्या खिडकीशी थांबू लागले. आमच्या माईला वाटायचं, मुलगी क्लासला किती मन लावून जाते.

"तुम्ही माझ्या कानाकडे बघून का बोलता?" एकदा मी विचारलं.

"डोळ्यांकडे बघितलं की मला नीट ऐकू येत नाही."

"मग आता बघा. आता मी काही बोलणार नाहीये."

त्याने बघितलं. सरळ, स्थिर, अगदी मनापासून... आणि मान खाली घालायची पाळी माझ्यावर आली. खिडकीची लाकडी चौकट मी उगाच नखाने खरवडत राहिले.

त्याचं कौतुकही असंच असायचं. माझं हसणं फार मोठं आहे, असं त्याने एकदा सांगितलं. मी गाल फुगवले, त्रास होतो का म्हणून विचारलं. "इतरांच्या हसण्याचा होतो," तो म्हणाला. "तुमच्या नाही. का, ते मला अजून कळलेलं नाही." एवढ्यावर मी आठवडाभर तरंगत होते.

दिवाळीपर्यंत आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो. किल्ल्याच्या वाटेवर बसलो असताना त्याने समुद्राकडे बघत सांगितलं, की शाळेत असल्यापासून तो माणसांचं निरीक्षण करतोय. कोण कधी हसतं, कधी खांद्यावर हात टाकतं, कधी 'येतो हां' म्हणून उठतं. "सगळे हसले की मीही हसतो. पण मला उशीर होतो. मग ते माझ्या हसण्याला हसतात." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. मला तो आवडत होता, फार आवडत होता, आणि त्याला हसणाऱ्या प्रत्येकाचं तोंड फोडावंसं वाटत होतं.

मी माईला सांगितलं, माईने बाबांना. बाबा शाळामास्तर – सरळ, करारी आणि जनाला भिणारे. त्यांनी चार ठिकाणी चौकशी केली. मुलगा निर्व्यसनी, नोकरी पक्की, पण... त्या 'पण'पाशी ते अडले. शेवटी म्हणाले, देवाला कौल लावू. उजवा मिळाला तर कोण काय म्हणतं ते मी ऐकणार नाही, आणि डावा मिळाला तर हा विषय या घरात पुन्हा निघणार नाही.

म्हणजे माझं सगळं आयुष्य दोन पाकळ्यांवर आलं. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवीकडची आधी गळून पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार.

कौलाच्या दिवशी देवळाच्या पायरीवर माई धोंडू गुरवाशी कुजबुजताना दिसली. तिच्या पिशवीतला केळ्यांचा घड त्याच्याकडे गेला. मी काय ते समजले आणि गाभाऱ्याकडे बघून मनातच माफी मागितली.

काशिनाथ आईला, शेवंतीकाकूंना, घेऊन आला होता. धोंडूने देवाला गाऱ्हाणं घातलं, पाकळ्या लावल्या, आणि उजवी पाकळी बघता बघता गळून खाली आली. माईने हात जोडले. बाबांच्या कपाळावरची आठी गेली. धोंडूने रिवाजाप्रमाणे विचारलं, "कोणाक काय सांगाचा आसात तर आत्ताच सांगा."

असं विचारतात, पण कुणी काही सांगत नसतं. काशिनाथ उभा राहिला.

"मला सांगायचं आहे. डावी पाकळी पाण्यात बुडवली होती. उजवीला फक्त पाण्याचं बोट लावलं होतं. ती आधी पडणारच होती."

शेवंतीकाकूंनी डोळे मिटून घेतले. धोंडू माईकडे बघायला लागला आणि माई छपराकडे. बाबांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी छत्री उचलली आणि म्हणाले, "चला घराक."

संपलं, मला वाटलं. या वेड्याने उजवा कौल स्वतःच्या हाताने घालवला होता.

"मला कावेरी हवी आहे," काशिनाथ बाबांच्या छत्रीकडे बघत म्हणाला. "पण असा होकार नको. पुढे कधी ती दुःखी झाली तर मला ते चेहऱ्यावरून कळणार नाही. म्हणून सुरुवातीलाच सगळं खरं असायला हवं."

बाबा थांबले. आयुष्यभर पोरांना खरं बोलायला शिकवलेला माणूस तो. त्यांनी छत्री खाली ठेवली आणि धोंडूला दोन्ही पाकळ्या सारख्या भिजवून लावायला सांगितल्या, स्वतः जवळ उभं राहून. धोंडूने पुन्हा गाऱ्हाणं घातलं आणि त्याच्या प्रत्येक वाक्यानंतर आम्ही होकाराचं "व्हय म्हाराजा" म्हटलं.

पाकळ्या पडेनात. समई तेवत राहिली, बाहेर माडांत वारा सळसळला, माईचं पुटपुटणं संपलं. उजवी हलेना, डावी हलेना. शेवटी धोंडू दमून खाली बसला.

"मास्तर, देव गप आसा. तेका काय म्हणाचा नाय."

"मग आता कोणाक विचारायचा?" बाबा म्हणाले.

काशिनाथ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "कावेरी, तुला कुणी विचारलंच नाही. मुलीने मान खाली घातली की होकार असतो, असं आई म्हणते. मला ते ओळखता येत नाही. मी तुला नवरा म्हणून हवा आहे का? तू तोंडाने सांग."

माझी मान खालीच होती. देवळातल्या सगळ्यांना उत्तर कळलं होतं, अगदी धोंडूलासुद्धा. आमच्याकडची कुठलीही मुलगी याहून जास्त काही बोलली नसती. वडिलांसमोर, देवासमोर असलं काही तोंडातून काढणं म्हणजे निर्लज्जपणाची हद्द. पण मी तशीच उभी राहिले असते तर एकट्या काशिनाथला ते कळलं नसतं. माझ्या उत्तरासाठी जीव मुठीत धरून उभा असलेला तेवढाच तर एक माणूस होता.

मी मान वर केली. आवाज फुटला तो अख्ख्या सभामंडपात घुमला.

"माका तूच होयो आसस, काशिनाथ. दुसरो कोण नको."

काशिनाथने माझ्या डोळ्यांत बघितलं आणि बघतच राहिला. मग धोंडू गुरवाच्या तोंडून, सवयीनेच असेल, हळूच निघालं, "व्हय म्हाराजा." माईने पदराने डोळे टिपत तेच म्हटलं. शेवंतीकाकूंनीही म्हटलं.

आम्ही सगळे बाबांकडे बघत होतो. बाबांनी देवाकडे पाहिलं, अजून चिकटून बसलेल्या पाकळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला, आणि वर्गात म्हणावं तसं खणखणीत म्हणाले, "व्हय म्हाराजा."